लिफाफे सहा आठवडेच ठेवतात

९ सप्टेंबर

गोटी,

दोन वर्षांनी पत्र, आणि तेही माझं, म्हणून फाडायच्या आधी अर्धं तरी वाच. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, आई मध्ये पडायला तयार नाही, आणि मी हॉस्टेलच्या पुढच्या दारात उभी राहिले तर तू मागच्या दाराने निघून जाशील हे मला ठाऊक आहे. राहता राहिलं पत्र. तेही रेक्टरबाईंच्या टेबलावर दिवसभर पडून राहणार आणि येणारी-जाणारी प्रत्येक मुलगी ते उजेडाला धरून बघणार. तेव्हा तुला अडचणीत आणील असं यात मी काही लिहीत नाही.

आईने सांगितलं असेलच, जूनपासून मी तुमच्याच विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात नोंदी करते. तुझ्या पाठीपाठी आले असं समजू नकोस. जुनी नोकरी सुटली, इथे जागा निघाली, घेतली.

एवढंच कळवायचं आहे. ऑगस्टच्या शेवटी मुलींच्या हॉस्टेलांतून जी तपासणी झाली तिचे निकाल तयार आहेत. बोर्डावर कोडांची यादी लागली आहे. ज्यांनी रक्त दिलं त्या सगळ्यांनी येऊन आपापला लिफाफा न्यायचा आहे. सगळ्यांनी. तू दिलं असशील तर तूही. दिलं नसशील तर हे पत्र तुला आलंच नाही.

केंद्र नऊ ते पाच उघडं असतं. खिडकी क्रमांक दोन. खिडकीत नर्सबाई असते, मी आत भिंतीकडे तोंड करून बसते.

केस कापलेस म्हणे. आई सांगत होती.

ताई


१४ सप्टेंबर
(हे पाठवायचं नाही. ड्रॉवरमध्ये ठेवायचं.)

गोटी,

तू रक्त दिलंस. मला माहीत आहे.

डॉक्टरबाईंनी नावं न विचारता तपासणी करायची ठरवली तेव्हा मीच शहाणपणा केला होता, की नुसता नंबर दिला तर मुली चिठ्ठ्या हरवतील. त्यावर त्यांनी युक्ती काढली. प्रत्येकीने आपला कोड स्वतःपासूनच बनवायचा. आईच्या नावाचं पहिलं अक्षर, आईचा जन्ममहिना, स्वतःच्या जन्माची तारीख आणि आपल्याहून मोठी भावंडं किती. यात विसरण्यासारखं काही नाही, आणि परक्या माणसाला त्यातून काही कळतही नाही. सख्ख्या बहिणीचा विचार कुणीच केला नव्हता, मीसुद्धा नाही.

झ-११-२९-१.

झ वरून नाव असलेली आई शंभरात एखादी सापडेल. तिचा नोव्हेंबर. तुझी एकोणतीस तारीख. आणि शेवटचा तो एक, गोटी, तो मी आहे.

मी तुझा फॉर्म कॉम्प्युटरवर चढवला तेव्हा मला अजून काही कळलं नव्हतं, कारण मी कोड सगळ्यात शेवटी टाकते. आधी उत्तरं. सहा महिन्यांत जोडीदार किती: तीन. कंडोम वापरता का: कधीकधी. दुसऱ्या दिवशी घ्यायची गोळी किती वेळा घेतली: चार. त्रास झाला तेव्हा कुणाशी बोललात: कुणाशी नाही. शेवटी एक मोकळी ओळ असते, काळजी घेता आली नसेल तर का? तिथे लिहिलं होतं, ‘जवळ ठेवायची भीती वाटते.’ अक्षर डावीकडे कललेलं. मी मनात म्हटलं, बिचारी. मग कोड टाकायला गेले आणि बोटं झ वर थांबली. अक्षरसुद्धा बदलून लिहिलंस. कानामागून आलीस आणि तिखट झालीस, पण अंकांनी तुला उघडं पाडलं.

रक्ताचे निकाल आठ दिवसांनी आले. चार तपासण्या असतात. तुझ्या तीन स्वच्छ आहेत. चौथी सिफिलिसची, पॉझिटिव्ह.

मी तेव्हापासून डॉक्टरबाईंच्या शेल्फवरची पुस्तकं वाचते आहे. वेळेत कळलं तर एका इंजेक्शनचं काम. टोचून घ्यायचं, अर्धा तास बाकावर बसायचं, आपल्या पायांनी चालत जायचं. वेळेत कळलं नाही तर मात्र तो रोग लबाड आहे. जखम दुखत नाही आणि आपोआप भरते. तळहातांवर पुरळ येतं, तेही आपोआप जातं. माणसाला वाटतं, सुटलो. आणि तो आत मुरत राहतो, वर्षांनी डोळ्यांत उगवतो, डोक्यात उगवतो, नाहीतर पोटातल्या बाळात.

लिफाफे रक्त घेतल्या दिवसापासून सहा आठवडेच ठेवतात. १० ऑक्टोबरला संध्याकाळी उरलेले लिफाफे आणि यादी कागद कापायच्या मशीनमध्ये जाणार. त्यानंतर तू आपण होऊन पुन्हा रक्त द्यायला येशील, हे काही माझ्या मनाला पटत नाही.

आणि मी तुला बोलावू शकत नाही. ओळख पटली तरी कुणाला गाठायचं नाही, कुणाजवळ बोलायचं नाही, अशा कागदावर माझी सही आहे. चांगल्या ठसठशीत अक्षरात केलेली.

तू रक्त दिलंस तेव्हा मी इथे आहे हे तुला माहीत नसणार. माहीत असतं तर माझ्या हातात हा कोड तू कधीच दिला नसतास.

दोन वर्षांपूर्वी त्या वेळी मी तुझी बॅग चार्जर शोधायला उघडली होती. तुला पटत नाही, पण चार्जरच शोधत होते.

ताई


२४ सप्टेंबर

गोटी,

काल मी मुद्दाम तुमच्या कॅन्टीनमध्ये आले होते. तू मला पाहिलंस, ताट उचललंस आणि खांबापलीकडच्या टेबलावर जाऊन बसलीस. तुझ्याबरोबरची ती उंच मुलगीही उठली, बिचारीचा घास तोंडातच होता. मी तुला धरायला आले नव्हते. तुझे हात बघायला आले होते. तळहात. का ते विचारू नकोस. तू चमचा घट्ट धरून बसली होतीस, काही दिसलं नाही. मग मी तुझ्या मैत्रिणीकडेच बघत बसले, कारण ती निदान मान तरी वर करत होती. एवढ्या उकाड्यात बाह्या बोटांपर्यंत ओढून बसायची हल्ली पद्धत आहे वाटतं.

बोर्डावरची यादी अजून आहे. अर्ध्याहून जास्त मुली येऊन गेल्या. परवा एक आली ती डोळे मिटूनच आली, मैत्रिणीने हाताला धरून खिडकीपर्यंत आणलं. लिफाफा फोडला आणि इतकी मोठ्याने हसली की डॉक्टरबाई बाहेर आल्या. नर्सबाईचं म्हणणं असं, की या पोरींना सुई टोचून घ्यायला भीती नाही, कागद हातात घ्यायला भीती. पाच वाजले की ती उरलेले लिफाफे पुन्हा सरळ लावते. त्यातला एक खालच्या कप्प्यात डावीकडून चौथा आहे.

शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात. तू शहाणी आहेस. मी फक्त तारीख लिहिते: १० ऑक्टोबर.

ताई


१ ऑक्टोबर
(हेही पाठवायचं नाही.)

आज डॉक्टरबाईंना आडून विचारलं. त्या हात धूत होत्या.

“समजा, एखादीचा निकाल वाईट आहे आणि ती येतच नाही. तर?”

“तर हॉस्टेलांत पुन्हा नोटीस जाते, यादी बोर्डावर राहते आणि आपण वाट बघतो.”

“आणि समजा, ती कोण ते आपल्यापैकी कुणाला कळलं, तर?”

त्यांनी नळ बंद केला. “कसं कळेल?”

“समजा म्हटलं ना मी.”

“तर ज्याला कळलं त्याने मला येऊन सांगायचं. पुढचं मी बघेन. त्या मुलीला परस्पर काही सांगायचं नाही. बाई, पहिल्या वर्षी आपण नावं विचारत होतो तेव्हा अकरा मुली आल्या होत्या. या वर्षी दोनशे चौदा. आपलं औषध फार चांगलं आहे म्हणून नाही आल्या त्या. आपलं तोंड बंद राहील म्हणून आल्या.”

मग हात पुसत त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “काही सांगायचं आहे का?”

रस्ता समोर होता. ‘हो, माझी बहीण आहे,’ एवढं म्हणायचं होतं. मी “नाही, सहजच” म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

का नाही सांगितलं ते ड्रॉवरला तरी खरं सांगते. सांगितलं असतं तर त्यांनी मला त्या कपाटापासून दूर केलं असतं. तुझं काम मग दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं असतं. तुझं काहीही दुसऱ्याच्या हातात गेलं की मला चैन पडत नाही, हा रोग मला तू रांगत होतीस तेव्हापासून आहे, आणि त्यावर एका इंजेक्शनचा इलाज नाही.

रोज दारापाशी कुणाची चप्पल वाजली की मी मान वळवते. नर्सबाई म्हणाली, “मान आखडेल तुमची.” नऊ दिवस उरले.


५ ऑक्टोबर

गोटी,

हे पत्र रेक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलेलं नाही. लायब्ररीच्या बोर्डावर तुझं नाव दिसलं, तू राखून ठेवलेलं पुस्तक आलं आहे, त्याच्यात घालून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दिलं आहे. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, घरचे कागद आहेत. खोटं नाही ते.

आता सरळ लिहिते. तुझा निकाल पॉझिटिव्ह आहे. सिफिलिस. बाकी तीन चांगले आहेत. एका इंजेक्शनने बरं होतं, तेही आत्ता घेतलंस तर. मी तुझा कोड ओळखला, फॉर्म वाचला, निकाल वाचला. तुला हे सांगून मी सही मोडली आहे आणि डॉक्टरबाईंचा विश्वासही. मोडू दे. तुझे डोळे गेल्यावर त्या सहीचं मी काय करू? जवळ ठेवायची भीती वाटते, हे तुझं वाक्य मी तीस दिवस रोज वाचते आहे. पहिल्या दिवशी वाचून रडले, संडासात जाऊन.

सोबत ड्रॉवरमधली दोन पत्रं जोडली आहेत. त्यांत चार्जरबद्दल जे लिहिलं आहे ते खोटं आहे. माझा चार्जर भिंतीत लावलेला होता, फोन त्यालाच होता. तू सुट्टीला आलीस, हसत होतीस, कुणाचा तरी मेसेज आला की उठून गॅलरीत जात होतीस, आणि मला काही सांगत नव्हतीस. आधी सगळं मला सांगायचीस. म्हणून तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी बॅग उघडली. कंडोमचं पाकीट सापडलं. मी ते जागेवर ठेवून चेन लावू शकले असते. मी ते घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर आईसमोर ठेवलं. आई हादरली आणि तिने बाबांना सांगितलं. बाबांनी तुझा फोन काढून घेतला, तुला अख्खं सत्र घरी बसवलं, परीक्षा बुडाली. आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, तिच्या भल्यासाठी केलं. भलं नव्हतं ते. मला राग आला होता. तू मला वगळलं होतंस.

त्याची माफी आज मागत नाही, कारण आज मागितली तर तुला वाटेल की त्या बदल्यात तू खिडकीवर यावंस अशी माझी अट आहे. माफ करू नकोस. नुसती ये. मला बघायचं नसेल तर मी त्या दिवशी रजा टाकीन. नर्सबाईला आईच्या नावाचं पहिलं अक्षर सांग, पुढचं तीच विचारते.

पाच दिवस आहेत.

ताई


७ ऑक्टोबर

‘ताई’ लिहायला हात वळत नाही, म्हणून अशीच सुरुवात करते.

कोड माझा आहे. रक्त माझं नाही.

परत एकदा वाच, मी थांबते.

तू केंद्रात लागलीस हे आईने मला जूनमध्येच सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये रक्त द्यायला रांगेत उभी राहिले आणि फळ्यावर वाचलं की कोड कसा बनवायचा. झ, अकरा. तू एका नजरेत ओळखणार. आणि ओळखलंस की सांगणार. खोटाच कोड लिहिला असता, पण महिन्याभराने तो मला आठवला नसता. माझ्या पुढे जिराफ होती. जिराफ म्हणजे माझी रूममेट, तू कॅन्टीनमध्ये पाहिलीस ती उंच. तिची आई, तिचे दोन दादा, तिचा वाढदिवस मला पाठ, माझं सगळं तिला पाठ. मी तिचा कोड घेतला. दोघींचा एकच आला असता तर घोळ झाला असता, म्हणून तिने माझा घेतला. फॉर्मवर, बाटलीवर, सगळीकडे. हसत होतो आम्ही. ती म्हणाली, तुझी ताई आता माझी ताई.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं की तू कोड ओळखलास. मग ठरवलं, त्या खिडकीकडे फिरकायचंच नाही, दोघींनीही. तू मध्ये पडली नसतीस तर जिराफ सप्टेंबरमध्येच जाऊन आली असती.

परवाचं तुझं पत्र मी तिच्यासमोर फोडलं. तुझी नक्कल करत मोठ्याने वाचत होते. ‘आता सरळ लिहिते’ हे तर अगदी तुझ्या आवाजात. आणि पुढचं वाक्यही त्याच आवाजात वाचून गेले. ती पलंगावर बसून नखं कापत होती. तिने नेलकटर खाली ठेवलं आणि म्हणाली, “म्हणजे मी.” तिचं असं तिला कळलं. माझ्या तोंडून, तुझ्या अक्षरात, खोलीचं दार उघडं असताना.

मी दोन वर्षं म्हणत होते की तू सांगशील. बघ, सांगितलंस. फक्त या वेळी माझ्याऐवजी ती सापडली.

आणि त्या पाकिटाचं. त्यात तीन असतात, एकच उरला होता. म्हणजे दोन वापरले होते. ते ना तू मोजलंस, ना आईने, ना बाबांनी. मी काळजी घेत होते. मजल्यावर काळजी घेणारी बहुतेक मी एकटी, आणि पकडली गेले मी. ज्यांच्या बॅगेत काही नव्हतं त्या आपापल्या घरी गुणी मुली होत्या. परत आल्यावर मी ती गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. ओटा, आई, पाकीट. सगळ्या पोट धरून हसल्या, आणि त्याच आठवड्यात एकेकीने आपली बॅग रिकामी केली. जिराफनेही. ‘जवळ ठेवायची भीती वाटते’ हे तिचं वाक्य आहे, आणि ती डावखुरी आहे. तिला भीती घालणारी गोष्ट माझी होती आणि त्या गोष्टीतली बाई तू आहेस. तू रडलीस म्हणे ते वाचून. रड.

उद्या सकाळी मी तिला घेऊन येते. तू समोर येऊ नकोस.

माझं रक्तही तिथेच आहे, तिच्या कोडखाली. त्यात काय आहे ते मलाही माहीत नाही. घरून परत आल्यावर मीसुद्धा जवळ काही ठेवलं नाही, आणि अगदी एकटीही राहिले नाही. तेव्हा हसत बसायची सोय मलाही नाही. तो लिफाफा शोधायला तुला पाच मिनिटं लागतील. तू शोधशील, मला माहीत आहे. फक्त काय निघालं ते मला कळवायला येऊ नकोस.

गोटी


९ ऑक्टोबर

गोटी,

दोन मिनिटं लागली असती. रांगेत तुम्ही एकीपाठी एक होतात, म्हणजे गठ्ठ्यात तिच्या लगेच मागचा फॉर्म तुझा. परवा तुझं पत्र वाचलं आणि मी उठून कपाटाशी गेले. चावी कुलपात घातली. हेही लिहिते, कारण अर्धं सांगून उपयोग नाही. मग चावी बाहेर काढली, तशीच डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. कोड, पत्रं, लायब्ररीच्या पुस्तकातून कळवलेला निकाल, सगळं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बराच वेळ त्या टेबलावरची पिनांची डबी उघडत-मिटत होत्या. मग म्हणाल्या, “मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“त्या दिवशी सांगितलं असतं तर मी दोन्ही हॉस्टेलांत पुन्हा शिबिर लावलं असतं. सगळ्यांचं रक्त नव्याने, नवे कोड. कुणालाच काही कळलं नसतं, आणि तीसुद्धा सापडली असती.”

एवढं सोपं होतं, गोटी. मला सुचलं नाही, कारण मी उपाय शोधतच नव्हते. मी तुला शोधत होते.

त्यांनी हात पुढे केला आणि मी चावी दिली. कॉम्प्युटरवरून माझं नाव काढलं आहे. नोकरी राहते की जाते ते पुढच्या आठवड्यात कळेल. पुढच्या वर्षापासून कोड मुलींनी स्वतःवरून बनवायचा नाही, डब्यातून चिठ्ठी उचलायची, असं ठरलं.

काल तुम्ही आलात तेव्हा मला औषधांच्या खोलीत बसवलं होतं. तिचं दार नीट लागत नाही. नर्सबाईने विचारलं, “मोठी भावंडं?” आणि त्या मुलीने सांगितलं, “एक.” दुसऱ्याची वस्तू हातात धरल्यासारखं हळू. एका परक्या मुलीने मला आपली मोठी बहीण म्हणून मोजलं, आणि तिलाही माझ्याकडून तेच मिळालं जे तुला मिळालं होतं. पुढे आत काय झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं. ते तिचं आहे. कॅन्टीनमध्ये मात्र माझं काखेत कळसा नि गावाला वळसा झालं होतं. तुझे तळहात बघण्याच्या नादात समोरच्या बाह्यांकडे बघून मी फॅशनवर शेरे मारत होते.

तिची माफी मागायला मी येणार नाही. तिला माझं तोंड बघावं लागेल असं काही आता मी करणार नाही. तू तिला हे वाचून दाखव, वाटलं तर. आणि या वेळी दार लावून घे.

आणखी एक. केंद्रात कंडोम फुकट मिळतात हे तुमच्यापैकी कुणाला माहीत नसेल, कारण ते घ्यायला रजिस्टरवर सही लागायची. जूनपासून सात सह्या होत्या. मी चावी देऊन निघताना तेवढं बोलले. म्हटलं, सही असेल तर कुणी नेणार नाही, मी आणि माझ्यासारख्या बायका घरोघरी आहेत. डॉक्टरबाईंनी रजिस्टर उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं. खोका आता मुलींच्या संडासात दारामागे आहे. आज संध्याकाळपर्यंत तो अर्धा रिकामा झाला होता. त्यातलं एक पाकीट तुझ्यासाठी पाठवावं असं मनात आलं होतं. नाही पाठवत. तुझं तू घे, नाहीतर नको घेऊ.

तुझा निकाल मी पाहिलेला नाही. खरं म्हणजे तो कधीतरी माझ्याच बोटांखालून गेला असणार, दोनशे चौदांपैकी एक, आणि मी ओळखला नाही. तो चांगला होता की वाईट, मला खरंच माहीत नाही. माझ्यावर विश्वास ठेवायला तुझ्याजवळ एकही कारण नाही. तरी लिहिते.

उद्या शेवटचा दिवस. मी दिवसभर औषधांच्या खोलीत खोकी लावत असेन.

ताई


१० ऑक्टोबर, दुपारी सव्वाचार

(नर्सबाईने आणून दिलेल्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला.)

तुझी चिठ्ठी मिळाली. पुढच्या बाजूला तू लिहिलं आहेस ते मी इथे पुन्हा लिहिते, म्हणजे मी नीट वाचलं ना ते तुला कळेल:

‘ताई, लिफाफा घेतला. अर्धा तास पायरीवर बसले आहे. जिराफला आणलं नाही, ती झोपली आहे. मला उघडवत नाही. सोबत पाठवते आहे. तू उघड आणि काय ते सांग. फक्त मला.’

नर्सबाई समोर उभी आहे. म्हणते आहे, “अहो, उघडा ना, पोरगी बाहेर वाळत बसली आहे.”

नाही उघडत. लिफाफा माझ्या हातात आहे, चिकटवला होता तसाच आहे, आणि नर्सबाई त्याला साक्षीदार आहे. तुझी वस्तू तुझ्या माघारी मी एकदा उघडली, तेवढी पुरे.

चिठ्ठी पुढे पाठवते, म्हणजे मी दारात दिसले तर तू उठून जाणार नाहीस. पाठोपाठ मी येतेच आहे. पायरीवर थोडी सरक. तू फोड, मी धरते.